रुळांपलीकडची कोपरी: जनगणना काय सांगते, काय सांगत नाही

नकाशावर कोपरी चटकन सापडते. पश्चिमेला रेल्वेचे रूळ, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेकडे मुलुंडची हद्द आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. मधल्या या चिंचोळ्या पट्ट्याला ठाणेकर ‘ठाणे पूर्व’ म्हणतात. पोस्टात तो ४००६०३ आहे, महापालिकेत नौपाडा-कोपरी प्रभाग समितीत मोडतो, तर विधानसभेला कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघात. प्रत्येक दप्तरातली हद्द निराळी. शिवाय वाशीजवळही एक कोपरी गाव आहे. त्यामुळे कोपरीची लोकसंख्या सांगण्याआधी कोणती कोपरी, कोणत्या रेषेपर्यंतची, हे ठरवावं लागतं.

इथली सगळ्यात जुनी वस्ती खाडीच्या आधाराने वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि त्याच लोहमार्गाने चेंदणी कोळीवाड्याचे दोन तुकडे केले. अर्धा कोळीवाडा पश्चिमेला राहिला, अर्धा पूर्वेला. पूर्वेकडचा मीठ बंदर रस्ता आजही इथल्या जुन्या व्यापाराची खूण सांगतो. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं कोपरी कॉलनीत स्थिरावली. तिथलं झुलेलाल मंदिर आणि बाजार त्यांनी उभे केले. स्टेशन पायी गाठता येतं, म्हणून मुंबईत नोकरी करणारी मराठी कुटुंबंही चाळींत आणि पुढे सोसायट्यांत राहायला आली. काही मिनिटांच्या चालीत एवढे थर ओलांडता येतात, अशा जागा ठाण्यात थोड्या आहेत.

आता हेच थर जनगणनेत शोधायला जाऊ. प्रभागवार तक्त्यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढे रकाने असतात. मातृभाषेचा तक्ता शहराच्या पातळीवर थांबतो, म्हणून कोपरी कॉलनीतले सिंधी भाषक अख्ख्या ठाण्याच्या आकड्यात मिसळून जातात. कोळीवाड्यातले सोनकोळी अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे तो रकानाही त्यांचा पत्ता देत नाही. उरतो व्यवसाय. १९९१ पर्यंत मासेमारीला पशुपालन, वनकाम यांच्या सोबतीने वेगळा वर्ग होता. २००१ पासून मूळ तक्त्यात शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’ असे चारच वर्ग उरले. खाडीत जाळं टाकणारा कोळी आणि मंत्रालयात फायली हलवणारा कारकून दोघेही ‘इतर’मध्ये बसतात. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी वर्षानुवर्षं होत असताना त्यांच्या धंद्याची स्थानिक नोंदच पुसट होणं परवडणारं नाही.

सिंधहून आलेल्यांच्या बाबतीत पूर्वी असं नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत निर्वासितांसाठी स्वतंत्र प्रश्न होता: भारतात कधी आलात आणि पाकिस्तानातल्या कोणत्या जिल्ह्यातून? विचारलं म्हणून नोंद झाली.

सरासरीचा घोळ वेगळाच. ठाणे महापालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये १२,६२,५५१ होती, ती २०११ मध्ये १८,४१,४८८ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे ४६ टक्के वाढ. पण घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जमीन होती, टॉवर उठले. कोपरीला एका बाजूला रूळ आणि दुसऱ्या बाजूला तिवरं व खाडी. २०१५ मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तिला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. तिकडे पसरायला वाव नाही. इथली वाढ जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातूनच होऊ शकते. शहराची टक्केवारी कोपरीला लावून पाणी, शाळा किंवा रस्ते आखणं म्हणजे चुकीच्या मापाने शिवणं. मतदारसंघाची आजची हद्दही २००१ च्या शिरगणतीवर बेतलेली आहे.

म्हणून तक्त्याच्या शेजारी नकाशा हवा. तो मुळात प्रगणकाच्या हातातच असतो. साधारण दीडशे ते पावणेदोनशे घरांच्या गटाचा ‘नजरी नकाशा’ तो काढतो: रस्ता, गल्ली, देऊळ, शाळा, विहीर, प्रत्येक इमारतीला क्रमांक आणि फिरण्याची दिशा दाखवणारे बाण. मोजणी कुठे सुरू झाली, कुठे संपली, कोणतं घर राहिलं, हे त्यावरून कळतं. अख्ख्या प्रभागाचा एकच आकडा हाती आला की गल्लीगल्लीतला फरक त्यात विरघळतो. यापुढची जनगणना मोबाइल अॅपवर, नकाशाला जोडून आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सर्व जातींची नोंद घेत होणार आहे. वैयक्तिक माहिती गुप्त ठेवून अशा छोट्या गटांचे भाषा आणि व्यवसायाचे एकत्रित आकडे महापालिकेने नकाशावर खुले करावेत.

१ मार्च २०२७ हा या जनगणनेचा संदर्भदिन आहे. कोपरीकरांनो, प्रगणक दारात आला की घाईत ‘लिहा काहीही’ म्हणू नका. घरात सिंधी बोलत असाल तर मातृभाषा सिंधीच सांगा. होडी असेल, जाळं असेल, तर व्यवसाय विचारल्यावर ‘मासेमारी’ हा शब्द स्पष्ट उच्चारा. आणि शेजारचं बंद घर कोणाचं, तेही त्याला सांगा.