गहाण सोने आणि 1991 चा कारभार

आंबिवलीहून कल्याणकडे निघालेल्या लोकलमध्ये देशाच्या कर्जाचा विषय निघाला, की चार मते हमखास कानी पडतात: 1991 साली भारताचे दिवाळे निघाले होते, सरकारने सोने विकून दिवस काढले, पुढची सुधारणा एकट्या अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी, तीही आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हुकमावरून केली, आणि मोहन्याची एन. आर. सी. (नॅशनल रेयॉन) कंपनी बुडाली ती त्याच सुधारणेपायी. या प्रत्येक मतात सत्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच ती इतकी चिवट ठरली आहेत.

दिवाळे म्हणजे मुदतीला देणे न फेडणे. तशी नामुष्की भारतावर आली नाही, जरी ती दाराशी येऊन ठेपली होती. 1990 च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या, आणि जून 1991 मध्ये खजिन्यात जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. परंतु आखाती युद्ध हे निमित्त होय. ऐंशीच्या दशकात उधारीवर चाललेला खर्च, ज्यापायी केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या घरात गेली होती, हे मूळ दुखणे होते.

सोन्याचे प्रकरण दोन टप्प्यांत घडले. चंद्रशेखरांच्या काळजीवाहू सरकारने जप्तीतले 20 टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत खरेदीची मुभा राखून, स्वित्झर्लंडच्या एका बँकेस विकले. त्यानंतर जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने परदेशी धाडून तारण ठेवले आणि त्यावर सुमारे 40 कोटी डॉलर उचलले. हे दुसरे सोने विकले गेले नव्हते. कर्जफेड होऊन ते त्याच वर्षी तारणमुक्त झाले. दागिने सावकाराकडे ठेवलेल्या घराला गहाण आणि विक्री यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. राष्ट्राच्या बाबतीत मात्र तो फरक आपण सहज विसरतो.

सुधारणेचे श्रेय एकट्या अर्थमंत्र्यास देणारांनी पी. व्ही. नरसिंह राव या गृहस्थाकडे पुन्हा एकवार पाहावे. विदर्भातील रामटेकने दोनदा लोकसभेवर धाडलेले, मराठी उत्तम जाणणारे आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा तेलुगूत अनुवाद करणारे राव 1991 च्या निवडणुकीस उभेही नव्हते, दिल्लीतील बाडबिस्तरा आवरून हैदराबादेस निघण्याच्या बेतात असतानाच त्यांच्यावर पंतप्रधानपद येऊन पडले. 21 जून रोजी शपथ घेतली तेव्हा लोकसभेत त्यांच्या पक्षास बहुमत नव्हते. तरी उद्योगखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले, आणि 24 जुलै रोजी, अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या काही तास आधी, 18 उद्योग वगळून बाकी सर्वांस परवान्याच्या जाचातून मुक्त करणारे धोरण, नेहरूंच्याच मार्गाचा पुढचा टप्पा म्हणून, राज्यमंत्र्यांकरवी फारसा गाजावाजा न करता सभागृहात ठेवविले. मनमोहन सिंगांचे अर्थज्ञान वादातीत. पण ते ज्ञान पक्षातील कुरकुरणाऱ्यांच्या गळी उतरविण्याची मसलत रावांची होती.

राव निर्भय होते, असे मात्र कोणी समजू नये. रुपयाचे अवमूल्यन 1 आणि 3 जुलै अशा दोन हप्त्यांत व्हावयाचे होते. पहिल्यानंतर त्यांचे मन कचरले व दुसरे थांबविण्याचा त्यांनी निरोप दिला, परंतु तो रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांच्यापर्यंत पोचेतो हुकूम सुटून गेला होता. खतांच्या किमतीतील 40 टक्के वाढही स्वपक्षीयांच्या बंडामुळे 30 टक्क्यांवर आणावी लागली. माझ्या मते हीच त्यांची मुत्सद्देगिरी: जेथे माघार परवडत होती तेथे ती घेतली, परवानापद्धतीच्या बाबतीत घेतली नाही.

नाणेनिधीने अटी घातल्या होत्या, यात शंका नाही. पण ती सुधारणा परक्यांच्या दप्तरात प्रथम लिहिली गेली, हे खरे नव्हे. 1990 मध्ये, मधू दंडवते अर्थमंत्री असतानाच, पंतप्रधानांच्या कार्यालयातील माँटेकसिंग अहलुवालिया यांनी तशा आशयाचे टिपण तयार केले होते.

उरली मोहन्याची गोष्ट. एन. आर. सी. बंद पडली 2009 साली, म्हणजे अठरा वर्षांनी. खुल्या स्पर्धेची झळ जुन्या कारखान्यांस लागली नाही असे नव्हे; परंतु मुंबईच्या गिरण्यांची घसरण 1982 च्या संपापासूनच सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू होती, आणि शंभर वा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी हवी, हा तेव्हाचा कायदा रावांनी मुळीच बदलला नाही. तेव्हा थकलेल्या देण्यांचा जाब मागणाऱ्या एन. आर. सी.च्या कामगाराने तो 1991 च्या अर्थसंकल्पाकडे न मागता कारखान्याचे चालक, कामगार आयुक्त आणि तो कायदा राबविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्याकडे मागावा.