धारवाडला कामासाठी मुक्काम? खोली आधी नकाशावर शोधा, मग ॲपवर

धारवाड : जमिनीचा दावा निपाणीतला, पक्षकार राहायला कोल्हापूरला आणि सुनावणी धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात. असे कितीतरी जण आदल्या संध्याकाळी घरातून निघतात. वाटेत मोबाईलवर ‘हुबळी-धारवाड’ टाकतात, फोटो बरे दिसले आणि दर परवडला की खोली घेऊन टाकतात. रात्री पोचल्यावर कळते, हॉटेल हुबळीत आहे. ज्या न्यायालयावरून रात्री गाडी पुढे गेली, तिथेच सकाळच्या गर्दीत जवळपास तीस किलोमीटर मागे यायचे. साडेदहाला कामकाज सुरू होते आणि वकील फोनवर फोन करत असतात.

चूक हॉटेलची नसते. धारवाड हे विद्येचे गाव, पण इथली कामाची ठिकाणे एका जागी नाहीत. ती शहराच्या दोन्ही टोकांना आणि टोकांच्याही बाहेर पसरली आहेत. त्यामुळे कामासाठी येणाऱ्याने खोली किती चांगली, हे नंतर बघावे. आधी तीन गोष्टी बघाव्यात : काम कुठे, तारीख कोणती आणि बिल कोणाच्या नावावर.

एक महापालिका, दोन गावे

हुबळी-धारवाडची महापालिका १९६२ पासून एकच आहे. बुकिंगच्या ॲपवरही बहुतेक वेळा ही दोन्ही एकच शहर म्हणून दिसतात. प्रत्यक्षात दोघांत वीसेक किलोमीटरचे अंतर आहे. व्यापार, विमानतळ, रेल्वेचे मोठे जंक्शन आणि जास्त हॉटेले हुबळीत आहेत. विद्यापीठे, जुनी कॉलेजे आणि उच्च न्यायालय धारवाडच्या बाजूला आहे.

दोन्ही गावांना जोडणारी बीआरटीएस, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘चिगरी’ बस, २०१८ पासून धावते. स्वतंत्र मार्गिका असल्याने ती वाहतूक कोंडीत फारशी अडकत नाही. पण ही सोय हुबळी ते धारवाड एवढीच आहे. धारवाडच्या पुढे बेळगावच्या दिशेला असलेल्या न्यायालयापर्यंत ती जात नाही. हुबळीत उतरलेल्या माणसाला धारवाडला उतरून पुन्हा दुसरी बस किंवा रिक्षा बघावी लागते. ॲपवर नुसते अंतर पाहिले तर हे लक्षात येत नाही.

काम जिथे, खोली त्या बाजूला

धारवाडचे ढोबळमानाने तीन भाग करता येतात.

पहिला भाग बेळगावच्या बाजूचा. पुणे-बेंगळूर महामार्गावर शहराच्या मध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. २००८ मध्ये इथे फिरते खंडपीठ सुरू झाले, २०१३ मध्ये ते कायम झाले. १९८६ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठही याच बाजूला, यत्तीनगुड्डला आहे. आयआयटी २०१६ मध्ये न्यायालयाजवळच्या वाल्मी संस्थेच्या आवारात सुरू झाली. आता ती चिक्कमल्लिगवाडच्या कायम आवारात आहे. या ठिकाणी काम असेल तर धारवाड शहरातच, शक्यतो ज्युबिली सर्कलच्या अलीकडे-पलीकडे राहावे. सकाळी शहरातून बाहेर जाणे सोपे पडते. महामार्गावरचे हॉटेलही जवळ वाटेल, पण स्वतःची गाडी नसेल तर रात्री जेवायला आणि सकाळी निघायला अडचण होते.

दुसरा भाग गावाच्या मध्याचा. कर्नाटक विद्यापीठ १९४९ चे. त्याचे आवार ‘छोटा महाबळेश्वर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर आहे. १९१७ चे कर्नाटक कॉलेज, सप्तापूरचा परिसर, कोर्ट सर्कल, लाईन बाजार हे सगळे रिक्षाच्या टप्प्यात येते. परीक्षक म्हणून येणारे प्राध्यापक, पुस्तकांचे आणि प्रयोगशाळेच्या सामानाचे विक्री प्रतिनिधी यांचे काम बहुतेक याच भागात असते. बाहेरगावच्या परीक्षकांनी हॉटेल बघण्याआधी बोलावणाऱ्या विभागाला अतिथिगृहाबद्दल विचारावे. खोली मिळाली तर खर्चही वाचतो आणि जाण्यायेण्याचा त्रासही.

तिसरा भाग हुबळीच्या बाजूचा. टोल नाका, विद्यागिरी आणि पुढे सत्तूरचे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि वैद्यकीय परीक्षांसाठी येणारे डॉक्टर यांना धारवाड चालते, तशी हुबळीही चालते. इथे चिगरीचा खरा उपयोग आहे. खोली बीआरटीएसच्या थांब्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर असली की रिक्षाचे पैसे वाचतात.

मुक्काम करायचाच का?

बेळगावकरांनी आधी हाच प्रश्न विचारावा. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत आहे. बस वारंवार आहेत, रेल्वे आहे. एका दिवसाचे काम असेल तर पहाटे निघून रात्री घरी येता येते. सलग दोन दिवस काम किंवा सकाळी लवकरची वेळ असेल तरच खोली घ्यावी. खानापूरकरांचा हिशेबही थोड्याफार फरकाने असाच.

कोल्हापूर, सांगली आणि गोव्याकडच्यांना मात्र मुक्काम बहुधा चुकत नाही. गोव्याहून येताना अनमोड घाट पावसाळ्यात किती वेळ खाईल सांगता येत नाही. सकाळची वेळ गाठायची तर आदल्या दिवशी उजेडी पोचलेले बरे. रात्रीच्या खासगी बसने येणाऱ्यांनी तिकिटावर उतरण्याचे ठिकाण नीट वाचावे. नरेंद्रजवळून सुरू होणारा बायपास धारवाड शहरात शिरतच नाही. बसने बायपासवर उतरवले, तर पहाटे चार वाजता बॅग घेऊन रिक्षाची वाट बघत बसावे लागते.

गाव भरते कधी?

कॉलेजच्या गावात खोल्यांचा हंगाम पर्यटनाच्या गावासारखा नसतो. तो परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या वेळापत्रकावर चालतो. धारवाड हे स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीचेही मोठे केंद्र आहे. सप्तापूर भागात क्लास आणि अभ्यासिका दाटीने आहेत. रविवारी एखादी मोठी भरती परीक्षा असली की शनिवारी दुपारपासूनच स्वस्तातले लॉज भरू लागतात. मुलांना परीक्षेला घेऊन आलेले आईवडीलही खोली शोधत असतात.

दुसरी गर्दी कृषी मेळ्याची. कृषी विद्यापीठाचा मेळा साधारण सप्टेंबरमध्ये भरतो आणि उत्तर कर्नाटकातून शेतकरी येतात. सीमाभागातले मराठी शेतकरीही त्यात असतात. तिसरी गर्दी पदवीदान समारंभाची आणि चौथी लग्नतिथींची. तारीख आपल्या हातात नसेल तर निदान ती ज्या दिवशी कळली त्याच दिवशी खोली धरावी. सुनावणी पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणून पैसे परत मिळणारेच बुकिंग घ्यावे. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी ‘रद्द होणार नाही’ असा दर घेतला आणि तारीख बदलली, की पूर्ण भाडे जाते.

बारा वाजताचा की चोवीस तासांचा?

या भागातल्या जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो. पहाटे पाचला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत ती तुमची. नव्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी दुपारी बाराचा हिशेब. तिथे पहाटे पोचलेल्याला एक तर बाहेर थांबायला सांगतात, नाहीतर अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचे जादा भाडे लावतात.

रात्रीच्या बसने येऊन, आंघोळ करून, काम आटोपून संध्याकाळी परत जाणाऱ्याला चोवीस तासांचे लॉज परवडते. दोन रात्री राहणाऱ्याला फरक पडत नाही. गरम पाण्याचेही विचारून घ्यावे. सोलरवर चालणाऱ्या ठिकाणी ते सकाळी ठरावीक वेळच मिळते आणि ढगाळ दिवसात तेही नाही.

बिलात खरी मेख

राज्याची सीमा ओलांडून येणाऱ्यांचे पैसे नकळत जातात ते इथे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वर गेले की १८ टक्के.

आता हिशेब बघू. २,००० रुपयांची खोली तीन रात्री घेतली तर भाडे ६,००० आणि कर ३००, एकूण ६,३००. हे ३०० रुपये दीडशे केंद्राचा आणि दीडशे कर्नाटकाचा असे विभागले जातात. कारण हॉटेलच्या सेवेचा कर हॉटेलची इमारत ज्या राज्यात आहे तिथलाच लागतो, पाहुणा कुठला हे त्यात बघत नाहीत. बेळगावच्या जीएसटी नोंदणी असलेल्या फर्मचे काम असेल आणि बिलावर फर्मचे नाव व नंबर असेल, तर या कराची वजावट मागता येते. कोल्हापूर किंवा मडगावच्या फर्मला ती मिळत नाही. बिलावर महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा नंबर टाकला तरी कर्नाटकात भरलेला हा कर तिकडे वळता होत नाही. त्यांच्यासाठी ६,३०० हा पूर्ण खर्चच. म्हणून दर विचारताना ‘करासह किती?’ असाच विचारावा.

ज्यांच्या फर्मची कर्नाटकातही नोंदणी आहे, उदाहरणार्थ निपाणीत गोदाम किंवा बेळगावात शाखा, त्यांनी धारवाडच्या बिलावर तो कर्नाटकाचा नंबर द्यावा. खोली सोडताना नाही, घेतानाच द्यावा. बिल एकदा निघाले की बदलून देताना काऊंटरवर कुरकुर होते.

लहान लॉजची गोष्ट वेगळी. सेवा व्यवसायात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. असे लॉज साधे बिल देते, त्यात काही गैर नाही. पण बिलावर जीएसटी नंबर नसताना कर म्हणून वेगळी रक्कम लावली असेल, तर ती देऊ नये.

आणखी दोन बारीक गोष्टी. ॲपवरून आलेली बुकिंगची पावती म्हणजे हॉटेलचे बिल नव्हे. कंपनीचा किंवा विद्यापीठाचा हिशेब विभाग हॉटेलचे बिल मागतो आणि ते नसले की भत्ता अडकतो. दुसरे, धंद्याच्या खर्चात एका दिवशी एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. चार जणांच्या खोल्यांचे पैसे एकदम देताना ही मर्यादा सहज ओलांडते. यूपीआय किंवा कार्डने दिलेले बरे.

भाषा, जेवण, ओळखपत्र

धारवाड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. जुन्या वस्तीत आजही मराठी कानावर पडते, दुकानदाराला कळते. मात्र नव्या हॉटेलांच्या काऊंटरवरची मुले कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत बोलतात. रिक्षावाल्याला हॉटेलच्या नावापेक्षा जवळचे सर्कल किंवा थांबा सांगितला तर लवकर समजते.

जेवणाची चिंता नको. ‘खानावळ’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी मिळते. खानावळी रात्री उशिरापर्यंत उघड्या असतीलच असे नाही, उशिरा पोचणाऱ्याने वाटेतच जेवून घ्यावे. मटण खाणाऱ्यांसाठी हुबळीची सावजी हॉटेले आहेतच.

ओळखपत्र मूळच न्यावे. आधारची प्रत द्यायची असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी, किंवा वाहन परवाना दाखवावा. एकट्या येणाऱ्या महिलांनी पोचण्याची वेळ आधी कळवावी, रात्री काऊंटरवर कोणी असते का ते विचारावे आणि जिन्याच्या टोकाला किंवा गच्चीवर असलेली खोली नाकारावी. दुसरी खोली मागण्यात संकोच नको.

बुकिंगआधी एक फोन

ॲपवर हॉटेल पसंत पडले तरी पैसे भरण्याआधी हॉटेलला फोन करून एवढे विचारावे :

• हॉटेल हुबळीत की धारवाडात? जवळचे सर्कल किंवा बस थांबा कोणता?
• हिशेब बाराचा की चोवीस तासांचा? पहाटे आले तर खोली मिळेल का?
• दर करासह किती? जीएसटी नंबर असलेले बिल मिळेल का, कोणाच्या नावावर?
• तारीख बदलली तर पैसे परत मिळतील का, किती दिवस आधी सांगावे लागेल?
• गरम पाणी कधी? गाडी लावायला जागा? सकाळी नाश्ता किती वाजता?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. पण नाश्ता आठला सुरू होणार असेल आणि नऊच्या आत न्यायालयाकडे निघायचे असेल, तर उपाशी जाण्यापेक्षा रात्रीच दुसरी सोय बघून ठेवलेली चांगली. काम झाल्यावर लाईन बाजारात पेढा घ्यायला मग निवांत वेळ मिळतो.