वेसाव्याचा तो उन्हाळा आणि शिध्याच्या याद्या

कोरोनाच्या साथीमुळे १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणं थांबली. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्री लोकल बंद पडल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मुंबईतल्या वर्सोव्यात, म्हणजेच वेसाव्यात, हातावर पोट असणारे तीन प्रकारचे लोक त्या एका आठवड्यात घरी बसले. सात बंगला, यारी रोडच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि त्यांचे रिक्षा चालवणारे नवरे; वेसावे कोळीवाड्यातल्या बोटींवरचे परगावचे खलाशी; आणि आराम नगरच्या आसपास एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे लाइटमन, स्पॉटबॉय, ज्युनिअर आर्टिस्ट. त्या उन्हाळ्यात इथे अन्न वाटणाऱ्यांनी बरंच काही निभावलं. सगळ्यात जड गेलं ते धान्य जमवणं नव्हे, तर ते नेमकं कोणाच्या दारात न्यायचं हे ठरवणं.

सुरुवात शिजवलेल्या अन्नापासून झाली, कारण तेच लवकर जमणारं होतं. ऐन लग्नसराई बुडालेली, केटररची भांडी आणि आचारी रिकामे, हॉटेलांची स्वयंपाकघरं थंड. मार्चअखेरीस शहरात 'खाना चाहिये' हा उपक्रम उभा राहिला तो अशाच बंद हॉटेलांच्या चुलींवर. गुरुद्वारांचे लंगर होते, पालिकेची पाकिटं होती. २६ जानेवारीला १० रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी सरकारने ५ रुपयांवर आणली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गल्लोगल्लीच्या छोट्या गटांनी मात्र खिचडी आणि पुलावच धरला. एका पातेल्यात होतो आणि डब्यात भरायला सोपा.

सोपं वाटलं तरी एप्रिलच्या उकाड्याने प्रत्येकाला धडा दिला. गरम खिचडी तशीच डब्यात भरून झाकण लावलं, की आतल्या वाफेचं पाणी होतं आणि दुपारी दोनला तिला आंबूस वास येतो. मुरलेले आचारी म्हणून भात आधी मोठ्या परातींत पंख्याखाली पसरायचे, वाफ गेल्यावरच भरायचे. बटाटा नाही, ओलं खोबरं तर नाहीच, वरून लिंबू. सकाळी नऊला भरलेला डबा बाराच्या आत माणसाच्या हातात पडला पाहिजे, हा एकच नियम. नाकाबंदीवर पास दाखवण्यात अर्धा तास गेला, की सगळं गणित चुकायचं.

टाळेबंदी १४ एप्रिलवरून ३ मेपर्यंत वाढली तशी लोकांची मागणी बदलली. "रोज रांगेत उभं करू नका, शिधा द्या, आम्ही शिजवू," असं बायका स्पष्ट सांगू लागल्या. मग कणीक, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट-हळद, साखर, चहापत्ती, साबण अशा पिशव्या बांधल्या जाऊ लागल्या. वाटप सुरू झाल्यावर दुसरी अडचण पुढे आली. खोल्या करून राहणाऱ्यांकडे गॅसचं कनेक्शन नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात भरून मिळणारा छोटा सिलिंडर होता आणि तो भरायला पैसे नव्हते. पिशवीत पंधरा दिवसांचे तांदूळ आणि चूल थंड! मग काही ठिकाणी शिध्यासोबत सिलिंडर भरण्याचे पैसेही द्यावे लागले. देणाऱ्यांना हे पटवणं कठीण होतं. तांदळाला हात सैल सुटतो, रोख म्हटलं की आखडतो.

सरकारी धान्य नव्हतं असं नाही. प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं. केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे-जूनसाठी ८ रुपये किलोने गहू आणि १२ रुपये किलोने तांदूळ दिला. पण खलाशाचं किंवा लाइटमनचं कार्ड गावी, आईच्या ट्रंकेत. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने ५ किलो धान्य देण्याची घोषणा झाली ती १४ मे रोजी, म्हणजे टाळेबंदीला पन्नास दिवस झाल्यावर. मधली सगळी पोकळी भरली ती वस्त्यावस्त्यांतल्या हौशी याद्यांनी.

आणि या याद्या ज्याच्या त्याच्या ओळखीच्या असायच्या. मोलकरणीचं नाव येई, कारण तिची ताई सोसायटीच्या ग्रुपवर होती. सिनेमावाल्यांची संघटना मोठी. सिनेकामगारांच्या फेडरेशनच्या छत्राखाली सुमारे ५ लाख कामगार. अमिताभ बच्चन यांच्या पुढाकारातून १ लाख कुटुंबांच्या महिन्याच्या शिध्याची सोयही झाली. पण संघटनेचं कार्ड अजून न काढलेला, ऑडिशन देत फिरणारा पोरगा कुठल्याच यादीत नव्हता. तो रांगेत यायचा नाही. फोन केलाच तर म्हणायचा, "माझ्यासाठी नको, रूममेटसाठी हवंय." अशांची पिशवी वॉचमनकडे ठेवायची, फोटो काढायचा नाही, ही रीत पडली, त्या उन्हाळ्यातली सर्वांत शहाणी रीत.

कोळीवाड्याचं प्रकरण वेगळं. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली, पण बाजार बंद तर मासळी विकायची कुठे? घरात सुके बोंबील, सुकट होती. हातात पैसा नव्हता. त्यात १ जून ते ३१ जुलै ही दरवर्षीची मासेमारीबंदी तोंडावर. एरवी एप्रिल-मेच्या कमाईवर कोळीण पावसाळा काढते.

मेमध्ये श्रमिक गाड्या सुटू लागल्या आणि यादीतले नंबर एकेक करून बंद लागू लागले. माणसं गावाला निघाली होती. मग ३ जूनला निसर्ग वादळ येऊन गेलं, ८ जूनपासून कचेऱ्या थोड्या थोड्या उघडल्या, आणि अन्नवाटप झपाट्याने आटलं. भूक संपली म्हणून नव्हे, देणाऱ्यांची कामं सुरू झाली म्हणून. मालिकांचे नवे भाग दिसायला १३ जुलै उजाडली. बोटी तर ऑगस्टपर्यंत किनाऱ्यालाच. म्हणजे ज्या महिन्यांत कोळीवाड्याला सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच महिन्यांत पिशव्या थांबल्या.

२०२१ च्या उन्हाळ्यात हे पुन्हा थोडं वेगळ्या रूपात घडलं. शिवभोजन थाळी मोफत झाली, गट विलगीकरणातल्या घरांना डबे पोचवू लागले, आणि १७ मेच्या तौक्ते वादळाने मच्छीमारांच्या हंगामाचे अखेरचे दिवसही हिरावले.

साथ नसतानाही उन्हाळा पोरांसाठी उपाशीच असतो. शाळेला सुट्टी म्हणजे दुपारच्या खिचडीलाही सुट्टी. २०१६ मध्ये दुष्काळी भागांत सुट्टीतही पोषण आहार सुरू ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. वर्सोव्यात दुष्काळ पडत नाही, पण इथलंही कॅलेंडर ठरलेलं आहे: मेअखेर पैसा संपतो, जून-जुलै कोरडे जातात. म्हणून इथे पुन्हा कोणी अन्नवाटप उभारणार असेल, तर वर्गणीची पावतीपुस्तकं छापण्याआधी फेब्रुवारीत यादी करावी. ती मच्छीमार सोसायटी, रेशन दुकानदार आणि खोल्या भाड्याने देणारे यांच्याकडून तपासून घ्यावी. आणि वाटप एप्रिलमध्ये नव्हे, जूनमध्ये सुरू करावं. एप्रिलमध्ये द्यायला पुष्कळ जण पुढे येतात.