वादळांचा मोसम

विद्यार्थी मित्रांनो, जून महिना जवळ आला की आपण आकाशाकडे पाहू लागतो. पाऊस केव्हा येणार, यंदा किती पडणार, हीच चर्चा घरोघरी चालते. पाऊस आला की आपल्याला आनंद होतो. पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागात, कॅरिबियन बेटे आहेत. तेथील लोकही १ जूनची तारीख लक्षात ठेवतात. त्या दिवशी त्यांच्याकडे वादळांचा मोसम सुरू होतो. तो ३० नोव्हेंबरला संपतो.

'मोसम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मूळचा अरबी. उर्दूत तुम्ही ज्याला 'तूफान' म्हणता, त्याला मराठीत 'वादळ' किंवा 'तुफान' म्हणतात. आपल्या अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात गोल फिरणारे मोठे वादळ झाले, तर आपण त्याला 'चक्रीवादळ' म्हणतो. अटलांटिक महासागरात अशाच वादळाच्या वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाला, की त्याला 'हरिकेन' म्हणतात. नावे वेगळी, पण वादळ एकाच जातीचे.

हे वादळ तयार कसे होते? त्याला सर्वांत आधी उबदार समुद्र हवा असतो. पाण्याचे तापमान २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की भरपूर वाफ हवेत मिसळते. ही दमट हवा वर चढते. वर गेल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. त्यामुळे हवा आणखी जोराने वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो आणि चारही बाजूंनी वारे आत धावू लागतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे हे वारे सरळ न जाता वळतात आणि चक्र तयार होते. उत्तर गोलार्धात हे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते.

मोसमाचे सगळे महिने सारखे नसतात. जून-जुलैमध्ये कॅरिबियन बेटांवर बहुधा ऊन, पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे आणि अधूनमधून पावसाच्या सरी असे हवामान असते. कधी कधी सहारा वाळवंटातील बारीक धूळ समुद्र ओलांडून येते आणि आकाश धुरकट दिसते. या धुळीबरोबर कोरडी हवा येते. तिच्यामुळे वादळांना लागणारी वाफ कमी पडते. ऑगस्टच्या मध्यापासून मात्र समुद्र चांगला तापलेला असतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ निघालेल्या ढगांच्या समूहांतून मोठी वादळे बनू लागतात. सप्टेंबरचा दुसरा आठवडा सर्वांत धोक्याचा समजला जातो.

यंदा वादळे किती होतील, हे आधी सांगता येईल का? १९८४ साली अमेरिकेतील विल्यम ग्रे या हवामानशास्त्रज्ञाने संपूर्ण मोसमाचा अंदाज देण्यास सुरुवात केली. प्रशांत महासागरात 'एल निनो' असला, म्हणजे तेथील पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले, तर अटलांटिकवर उंचावरचे वारे जोराने वाहतात. ते वादळाचे चक्र मोडून टाकतात. त्यामुळे अशा वर्षी हरिकेन सहसा कमी होतात. 'ला निना'च्या वर्षी याच्या उलट घडते. समुद्राचे तापमान, वारे आणि हवेचा दाब यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञ अंदाज बांधतात. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाहिली, तर एका मोसमात नाव दिली गेलेली १४ वादळे झाली. त्यांपैकी ७ हरिकेन होती आणि त्यांतील ३ फार मोठी होती.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा अंदाज संपूर्ण महासागराचा असतो. वादळे किती होतील, हे तो सांगतो. ती कोणत्या बेटावर येतील, हे मात्र काही महिने आधी कोणालाच सांगता येत नाही. १९९२ साली अटलांटिकमध्ये वादळे नेहमीपेक्षा कमी झाली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'अँड्र्यू' नावाच्या हरिकेनने बहामा बेटांना आणि फ्लोरिडाला जबर तडाखा दिला. याउलट २०१० साली तब्बल १२ हरिकेन झाली, तरी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्यांपैकी एकही हरिकेन म्हणून आदळले नाही.

ग्रेनेडा या लहानशा देशाची हकिकत ऐका. जायफळासाठी प्रसिद्ध असलेले हे बेट बरेच दक्षिणेला आहे. बहुतेक वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. १९५५ साली 'जॅनेट' हे हरिकेन तेथे आले. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि जायफळाच्या बागा भुईसपाट झाल्या. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे तसे मोठे वादळ आले नाही. आपले बेट वादळाच्या वाटेवर नाही, असे लोकांना वाटू लागले. मग ७ सप्टेंबर २००४ रोजी 'आयव्हन' आले. देशातील सुमारे ९० टक्के घरांचे नुकसान झाले. पंतप्रधानांचे निवासस्थानही त्यातून सुटले नाही. जायफळाची बहुतेक झाडे पडली. नव्या रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षे तरी लागतात. म्हणजे एका दिवसाच्या वाऱ्याने शेतकऱ्यांची कित्येक वर्षांची कमाई नेली.

पुढे १ जुलै २०२४ रोजी 'बेरिल' हे हरिकेन याच देशाच्या कॅरियाकू बेटावर आले. तेथील जवळजवळ सर्व इमारतींची हानी झाली. जुलैच्या आरंभी इतके प्रबळ वादळ पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. ते सप्टेंबरची वाट पाहत थांबले नाही.

म्हणून या बेटांवरील शहाणी माणसे अंदाज वाचतात, पण तयारी दरवर्षी करतात. मोसमाआधी छपराचे पत्रे घट्ट ठोकतात. खिडक्यांवर लावायच्या फळ्या तयार ठेवतात. पिण्याचे पाणी, टिकाऊ अन्न, औषधे, बॅटरी आणि रेडिओ एका जागी ठेवतात. जवळचे निवाऱ्याचे ठिकाण माहीत करून घेतात. पुष्कळदा ही जागा म्हणजे गावची शाळाच असते. प्रत्यक्ष वादळ निघाले, की उपग्रह आणि वादळात शिरणारी विमाने त्याची माहिती कळवतात. वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ३६ तास आधी धोक्याचा इशारा दिला जातो. होड्या बांधायला आणि माणसे हलवायला तेवढाच वेळ हाती असतो.

आणखी एक सूचना तेथील मुलांनाही ठाऊक असते. वादळाच्या मध्यभागी एक शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. तो डोक्यावर आला, की वारा एकदम पडतो आणि कधी कधी निळे आकाशही दिसते. वादळ संपले असे समजून बाहेर पडणारा माणूस फसतो. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने सुरू होतो.

मित्रांनो, अंदाज उपयोगाचा आहे, कारण तो सरकारला आणि लोकांना आधी जागे करतो. पण 'यंदा वादळे कमी' याचा अर्थ 'आपल्याकडे वादळ नाही' असा होत नाही. महासागरात दहा वादळे होवोत की दोन, आपल्या घरावर आलेले एकच वादळ पुरे असते.