नंबर सोडा, टोक बघा

काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि रंगकामाचा एखादा कोरडा ब्रश त्यात बुडवा. पाण्याखाली केस सुटे राहतात, जरा हलवले की पसरतात. ब्रश बाहेर काढला रे काढला की तेच केस एकमेकांना चिकटून टोक धरतात. ओले झाले म्हणून चिकटले म्हणावं, तर पाण्याखाली ते कोरडे थोडेच होते! ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. बॉइज यांनी १८८९-९० च्या हिवाळ्यात लंडनमध्ये साबणाच्या फुग्यांवर व्याख्यानं दिली, त्यांत हाच प्रयोग करून दाखवला होता. केसांना आवळून धरतो तो हवेला भिडलेला पाण्याचा पृष्ठभाग. आपलं क्षेत्रफळ कमीत कमी राखायची त्याची ओढ म्हणजे पृष्ठताण. पाण्याखाली केसांभोवती असा पृष्ठभागच नसतो.

स्केल मॉडेल रंगवणाऱ्याची सगळी भिस्त या पृष्ठताणावर असते. १/७२ प्रमाणात सहा फुटी वैमानिक जेमतेम २५ मिलिमीटरचा होतो आणि त्याचा डोळा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मग नवखा माणूस दुकानात जाऊन सर्वांत बारीक, तीन शून्यांचा ब्रश मागतो. इथेच फसगत होते. इतक्या बारीक ब्रशात रंग मावतोच किती? तो थेंबभर रंग मॉडेलपर्यंत पोहोचेतो टोकावरच सुकायला लागतो. त्यापेक्षा एक किंवा दोन नंबरचा, भरल्या पोटाचा आणि अणकुचीदार टोकाचा ब्रश घ्यावा. केसांमधल्या फटींत केशाकर्षणाने रंग साठतो आणि टोक टेकेल तसा खाली उतरत राहतो. रेघेची जाडी टोक ठरवतं, नंबर नव्हे. शिवाय एका कंपनीचा एक नंबर दुसरीच्या एक नंबराशी जुळेलच असं नाही.

नवा ब्रश दुकानात टोकदार दिसतो, कारण केसांना खळ लावून टोक वळलेलं असतं. दुकानदाराची हरकत नसेल तर खळ धुऊन, ब्रश झटकून बघावा. टोक एकच राहिलं तर घ्यावा, दुभंगलं तर परत ठेवावा.

नावाजलेले ब्रश कोलिन्स्की केसांचे. हे केस सायबेरियन वीझल या मुंगसाएवढ्या प्राण्याच्या शेपटीचे. विन्सर अँड न्यूटनची ‘सिरीज सेव्हन’ ही मालिका १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी बनली, ती याच केसांची. केस मध्ये जाड आणि टोकाला निमुळता असतो, अंगावर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे रंग धरून राहतो. हे वीझल हिमालयातही आढळतं आणि भारताच्या सांगण्यावरूनच त्याचं नाव ‘साइटिस’ या वन्यजीव व्यापार कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रशही पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा व्यापार गुन्हा आहे आणि २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या मोहिमेत देशात ठिकठिकाणी त्यासाठी छापे पडले. त्यामुळे कोणी ‘अस्सल मुंगूस’ म्हणून ब्रश पुढे केला तर हात आखडता घ्यावा. ॲक्रिलिकसाठी चांगला सिंथेटिक ब्रश पुरतो, असं माझं मत. त्याचं टोक कालांतराने आकड्यासारखं वाकतं खरं, पण नायलॉन उष्णतेने मऊ होतं. नुसतं टोक काही सेकंद गरम पाण्यात धरून बोटांनी सरळ केलं की आणखी काही दिवस निघतात.

ब्रश मरतो तो बहुधा मुळाशी. ॲक्रिलिक रंगात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते एकमेकांत मिसळून पापुद्रा बनतो आणि तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही. केस जिथे धातूच्या नळीत शिरतात तिथे हा पापुद्रा साचला, की मुळं फाकतात आणि टोक कायमचं दुभंगतं. म्हणून रंगात ब्रश अर्ध्या केसांपर्यंतच बुडवायचा, तोही बाटलीत न खुपसता पॅलेटवर टेकवून. काम चालू असतानाच वरचेवर खळबळायचा. शेवटी कोमट पाणी आणि अंगाचा साबण लावून, केस मुळाकडून टोकाकडे ओढत धुवायचा, बोटांनी टोक वळवायचं आणि आडवा ठेवून वाळवायचा. कढत पाण्याने नळीतला गोंद सुटू शकतो. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा सोडून चहाला जाणं तर सर्वांत वाईट: टोक वाकतं, लाकडी दांडा फुगतो, त्यावरचा रंग सोलून निघतो.

इनॅमल रंग असेल तर आधी टर्पेंटाइन, मग साबण. चंदेरी-सोनेरी रंगांसाठी ब्रश आणि पाणी दोन्ही वेगळं ठेवावं, नाहीतर त्यातली चमक पुढच्या प्रत्येक रंगात उतरते.

एवढं करूनही टोक गेलंच, तर तो ब्रश ड्रायब्रशिंगला लावावा. रंग जवळजवळ पुसून टाकून रणगाड्याच्या कडांवर, रिव्हेटांवर घासायचा असतो. या कामात टोक लागतच नाही आणि नवा ब्रश तर हमखास बिघडतो. तिथूनही निवृत्त झाला की कॉकपिटच्या कोपऱ्यातली धूळ झाडायला.