छायाचित्रातील माणसांची नावे

उल्हासनगर कॅम्प ४ मधील वाचकांना पावसाळ्यातली ओल म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले होते. अशा वेळी आपण माणसे उचलतो, रेशनकार्ड उचलतो. छायाचित्रांचा अल्बम कपाटातच राहतो, आणि भिजून चिकटलेली पाने पुढे सुटता सुटत नाहीत. म्हणूनच जुनी छायाचित्रे मोबाईलवर घेऊन इंटरनेटवर साठवावीत, हे आता बहुतेकांना पटले आहे.

परंतु पाण्यापासून वाचलेले छायाचित्रही मुके होऊ शकते. त्यातील माणसांना ओळखणारी शेवटची व्यक्ती गेली, की ते मुके होते. ही आत्या की मावशी, हे आपल्या घरातील आजीच सांगू शकतात. तेव्हा त्यांच्याजवळ आताच बसावे.

दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश बंद ठेवून एकेक छायाचित्र टिपावे. मागची बाजूही टिपावी. स्टुडिओचा शिक्का वा पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा तेथेच सापडते. एका बैठकीत दहा पुरेत. गुगल फोटोजमध्ये छायाचित्राखाली नावे लिहिता येतात, तारीखही बदलता येते. ती न बदलल्यास आजोबांचे लग्न यंदाच्या गणपतीशेजारी जाऊन बसते! आजी बोलत असताना दुसऱ्या मोबाईलवर त्यांचा आवाजही घेऊन ठेवावा.

वृद्धांचे असे भूतकाळात रमणे म्हणजे वार्धक्याचे खूळ नव्हे. आयुष्याकडे वळून पाहण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले. स्मृतिभ्रंश झालेल्यांनाही जुनी छायाचित्रे दाखवून बोलते केले जाते. त्याने आजार बरा होत नाही. काहींचा संवाद मात्र थोडा सुधारतो. शुश्रूषा करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. ‘ओळखा पाहू, हे कोण?’ असे विचारू नये. ती परीक्षा होते. ‘ही तुमची वहिनी, बदलापूरच्या घरी,’ असे आपणच सांगावे आणि थांबावे. नाव चुकले तरी वाद घालू नये. डोळे भरून आले, तर छायाचित्र बाजूला ठेवून हात हाती घ्यावा.

दूरच्या नातवंडांसाठी सामायिक अल्बम करावा. व्हॉट्सॲपवर एरवी पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा घटतो. मोबाईल भरला म्हणून गुगल फोटोजमधून छायाचित्र पुसू नये, कारण ते ऑनलाइन साठ्यातूनही जाते. साठवलेले छायाचित्र चुकून पुसलेच, तर ६० दिवसांच्या आत ट्रॅशमधून परत घ्यावे. विनामूल्य जागा १५ जीबी आहे, तीत जीमेलही आले. दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल पुसू शकते. म्हणून आजोबांच्या खात्यातील अल्बम घरातील आणखी एकाच्या खात्यातही उतरवून ठेवावा. पासवर्ड वा ओटीपी मात्र फोनवर कोणी मागितला तरी देऊ नये.

आणि आजारपणातील, रुग्णालयाच्या खाटेवरील छायाचित्र नातेवाइकांच्या गटात टाकण्यापूर्वी आजोबांना आवर्जून विचारावे. ते नको म्हणाले, तर ते तेथेच थांबवावे.