पुष्पगुच्छ, वरमाला आणि पानांचा हिशेब

पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत’ असं छापलेलं असतं, तरी स्वागत समारंभात पुष्पगुच्छ येतातच. रिकाम्या हातानं कसं जायचं, ही भावना खरी असते. मग स्टेजच्या मागे गुच्छांचा ढीग साठतो, आणि कार्यालय रिकामं करायच्या घाईत तो तिथेच राहून जातो. त्याच वेळी मुलीचे आईवडील सजावटीची फुलं निम्मी करून पैसे वाचवल्याचं समाधान मानत असतात. फुलं आणि खर्च या दोन्हींबद्दल घरोघरी ज्या समजुती आहेत, त्यांनी पैसेही जातात आणि फुलंही.

पहिली समजूत, डेकोरेशन कमी केलं की बजेट आवाक्यात येतं. साधा हिशेब करून बघा. समजा ४०० पानं आहेत आणि ताटाचा दर ४५० रुपये. म्हणजे नुसत्या जेवणाचे १ लाख ८० हजार झाले. स्टेजच्या सजावटीचे ४० हजार धरले आणि ते निम्मे केले, तर २० हजार वाचतात. यादीतली १०० पानं कमी केली, तर जेवणातच ४५ हजार वाचतात. शिवाय हॉल लहान चालतो आणि खुर्च्या, वाढपी, पत्रिका सगळंच कमी लागतं. म्हणून आधी यादी करावी आणि मग कार्यालय शोधावं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं. हॉल मोठा मिळाला म्हणून यादी वाढते, आणि ज्यांना वधूवर ओळखतही नाहीत अशी माणसं रांगेत उभी राहतात. यादीला कात्री लावताना नातेवाईक दुखावतील ही भीती मला समजते. पण लग्नाचं कर्ज पुढची काही वर्षं फेडत बसण्यापेक्षा तो रुसवा काढणं सोपं आहे, असं मला मनापासून वाटतं.

‘जेवढे जेवतील तेवढ्याच ताटांचे पैसे’ हाही असाच एक भाबडा विश्वास. केटररच्या करारात सहसा किमान ताटांची हमी असते. ५०० ताटांची हमी दिली आणि ३५० माणसं आली, तरी पैसे ५०० चेच द्यावे लागतात. हमीचा आकडा कोणत्या तारखेपर्यंत बदलता येईल, जादा ताटाचा दर काय, ताटं कोण आणि कशी मोजणार, दरात जीएसटी धरला आहे की वर लागणार, हे सगळं आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्यावं. बुफे पंगतीपेक्षा स्वस्त असतो असंही म्हणतात. वाढपी कमी लागतात हे खरं, पण बुफेत चाट, डोसा, तीन प्रकारचे गोड असे पदार्थ वाढत जातात आणि ते ताटांत उष्टे राहतात. दीडदोनशे माणसांच्या घरगुती समारंभाला वरण-भात, मसालेभात, जिलबी आणि मठ्ठ्याची पंगत अजूनही हिशेबात बसते.

रिसेप्शन लग्नाच्याच दिवशी किंवा मुहूर्ताच्या तारखेलाच हवं, असा काही नियम नाही. मुहूर्त लागतो तो विवाहविधीला. मुहूर्ताच्या तारखांना मात्र कार्यालयं, केटरर, फोटोग्राफर आणि फूलबाजार या सगळ्यांवर एकदम ताण येतो. परंपरेनं आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात लग्नं टाळली जातात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि दर चढतात. त्यामुळे रिसेप्शन मुहूर्त नसलेल्या आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी ठेवलं, तर भाड्याबद्दल बोलायला जागा राहते. त्याहून जास्त वाचवायचं असेल, तर लग्न आणि जेवण एकाच कार्यालयात, एकाच सत्रात उरकावं आणि वेगळं रिसेप्शन करूच नये. लॉनवर ऑर्केस्ट्रा ठरवणार असाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे लक्षात ठेवा. अकरापर्यंतचे पैसे देऊ नका.

साधं लग्न आपल्या रीतीत बसत नाही, असं ठासून सांगणारेही भेटतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला, पुरोहिताशिवाय आणि अगदी थोडक्या खर्चात. त्या रीतीनं महाराष्ट्रात आजही लग्नं लागतात.

आता फुलांकडे येऊ. महागडी फुलं म्हणजे चांगली सजावट, ही समजूत बाजूला ठेवली तर बराच खर्च आपोआप उतरतो. दिवस लहान होऊ लागले की शेवंतीला कळ्या धरतात, म्हणून ती हिवाळ्यात मुबलक असते. मोगरा उन्हाळ्यात भरतो. निशिगंध, म्हणजे पुण्याच्या बाजारातली गुलछडी, जवळजवळ वर्षभर येते. डच गुलाबाचं गणित वेगळं आहे. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला गुलाब १४ फेब्रुवारीच्या आधी मोठ्या प्रमाणात परदेशी आणि मोठ्या शहरांकडे जातो, त्यामुळे त्या पंधरवड्यात गुलाबाची सजावट मागणं म्हणजे जादा दर मोजणं. दादरच्या फूल मंडईत किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे जाऊन झेंडू, शेवंती किलोवर आणि गुलाब-जरबेरा जुडीनं घेता येतात. अक्षतांसाठी तांदळाऐवजी झेंडूच्या पाकळ्या वापरायची पद्धत आता रुळली आहे. तीही याच खरेदीत भागते.

गुच्छ घरी आल्यावर काय करायचं, याबद्दल सल्ल्यांना तोटा नाही. पाण्यात अ‍ॅस्पिरिन टाका, तांब्याचं नाणं टाका, साखर टाका. फूल सुकतं ते बहुतेक वेळा भांड्यातलं पाणी देठातून वर चढेनासं होतं म्हणून. कापलेल्या टोकात हवा शिरते, पाण्यात जिवाणू वाढतात आणि देठातल्या बारीक वाहिन्या बंद होतात. नुसती साखर टाकली तर त्या जिवाणूंचंच पोट भरतं. फूलविक्रेत्याकडच्या पुडीत साखरेबरोबर आम्ल आणि जंतुनाशक असतं, म्हणून ती उपयोगी पडते. अ‍ॅस्पिरिन किंवा नाण्याचा भरवसा धरू नये. पुडी नसेल तर देठ धारदार सुरीनं तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, भांडं साबणानं धुवा आणि पाणी रोज बदला. एवढ्यावरही फुलं चांगली टिकतात. गुच्छ हिरव्या फोममध्ये खोचलेला असेल तर फुलं काढून पाण्यात ठेवा. हा फोम फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक आहे. तो कुजत नाही, म्हणून कुंडीच्या मातीत मिसळू नका.

‘फ्रिजमध्ये ठेवलं की झालं’ हे अर्धं खरं आहे. थंडीनं फुलाचं वय लांबतं, पण लग्नघराच्या फ्रिजमध्ये केळी आणि सफरचंदंही असतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनसारखी फुलं त्यानं लवकर कोमेजतात. गजरे ओल्या कपड्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून, फळांपासून लांब ठेवावेत. फ्रीझरमध्ये मात्र फूल कधीच ठेवू नये. पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर लगदा हाती येतो.

वरमाला जपायची असेल तर आधी हे मान्य करावं लागतं की सगळी फुलं जपली जात नाहीत. मोगरा आणि निशिगंध पाण्यानं भरलेले असतात. ते तपकिरी पडतात आणि सुगंध उडून जातो. त्याच माळेतला गुलाब, शेवंती, झेंडू चांगले वाळतात. झेंडूचा पिवळा-केशरी रंग बराच टिकतो, लाल गुलाब काळपट होतो. सांभाळलं नाही म्हणून तसं होतं असं नाही, त्या रंगद्रव्याचा स्वभावच तसा आहे.

फुलं उन्हात लवकर वाळतात हे खरं, पण ऊन रंग खाऊन टाकतं. अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगली तर दोनतीन आठवडे लागतात. पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोव्याकडे हा प्रयोग करू नये, कारण वाळण्याआधी बुरशी येते. तिथे सिलिका जेल वापरावं. झाकणबंद डब्यात जेलचा थर द्या, त्यावर फूल ठेवा, वरून आणि पाकळ्यांच्या मध्ये जेल हळूहळू ओता. आठवडाभरात फूल कोरडं होतं आणि आकारही राहतो. रंग बदलणारं निळं जेल टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असतं. पांढरं किंवा नारिंगी जेल मिळतं. ओलसर झालेलं जेल गरम करून पुन्हा वापरता येतं.

पुस्तकात फूल दाबायची सवय छान आहे, पण गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. टिपकागद किंवा साधा कोरा कागद घ्या आणि पहिले काही दिवस तो रोज बदला. नाहीतर पाकळी सडते आणि पुस्तकावर डाग पडतो. जाड गुलाब अखंड दाबू नका, पाकळ्या सुट्ट्या करा.

सध्या सगळ्यात जास्त फसगत रेझिनच्या फ्रेममध्ये होते. ताजी वरमाला रेझिनमध्ये ओतली की कायमची ताजी राहते, असं लोक धरून चालतात. फुलात ओल उरली तर ती आतच कोंडते आणि फूल तपकिरी होतं. रेझिनही उन्हानं पिवळं पडतं. चांगल्या रेझिनला त्यासाठी वेळ लागतो, इतकंच. काम देण्याआधी फुलं पूर्ण वाळवून घेणार का, हे विचारा, आणि माळ दुसऱ्याच दिवशी पोचवा. आठ दिवस पूजेच्या खोलीत टांगून ठेवलेल्या माळेतून कोणालाही चांगली फ्रेम करता येत नाही. घरीच करायची असेल तर वाळलेली फुलं काचेच्या खोल फ्रेममध्ये लावा, मागच्या बाजूला सिलिका जेलची पुडी ठेवून कडा पक्क्या बंद करा, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका आणि दर मृगापूर्वी ती पुडी बदला.